कुलुपांचे टीकाकार

ग्रंथपरीक्षणाचा उद्योग करणाऱ्या माणसास आपल्या एका हक्काचा सहसा विसर पडलेला असतो. इतका तो हक्क त्याच्या अंगवळणी पडून गेलेला असतो. अमुक एका कवीचे काव्य सदोष आहे असे म्हणावयाचे झाल्यास परीक्षक त्या काव्यातील चार ओळी उतरून घेतो, त्यांतील दोषावर बोट ठेवतो आणि वाचकांस म्हणतो, "हे पाहा, आणि आता तुम्हीच ठरवा." त्या चार ओळी उतरून घेण्यापूर्वी त्याने कवीची अनुज्ञा घेतलेली नसते. ती घ्यावी लागती तर प्रतिकूल परीक्षण असे एकही छापले गेले नसते. कारण आपला यतिभंग चारचौघांत दाखविण्यास लेखी संमती देणारा कवी अद्याप जन्मास यावयाचा आहे.

लेखकाच्या मालकीचे रक्षण करणारा कायदा हे पक्के जाणतो. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात, टीका अथवा परीक्षण यांसाठी केलेला प्रामाणिक वापर हा हक्कभंग नव्हे, असे स्वच्छ सांगितले आहे. अमेरिकेच्या कायद्यातही याच अर्थाची तरतूद आहे. मालकी लेखकाची, परंतु मत वाचकाचे, अशी ही वाटणी आहे आणि ती सर्वांच्या हिताची ठरली आहे.

आता याच कायद्यातील एका व्याख्येकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ‘वाङ्मयीन कृती’ या शब्दात आपल्या कायद्याने संगणकाच्या आज्ञावलीचाही समावेश केलेला आहे. अमेरिकेतही आज्ञावलीस संरक्षण मिळते ते वाङ्मय म्हणूनच. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने महाकाव्य आणि बँकेचा हिशोब ठेवणारी आज्ञावली ही दोन्ही एकाच जातीची अपत्ये होत. रसिकांना ही सोयरीक रुचो अथवा न रुचो; परंतु ती मान्य केली की एक प्रश्न आपोआप उभा राहतो. आज्ञावली हे जर वाङ्मय, तर तिचा टीकाकार कोण? आणि जो हक्क कवितेच्या टीकाकारास आहे, तो त्यास आहे काय?

तिचा टीकाकार कोण, हे सांगणे कठीण नाही. आज्ञावली उलगडून पाहणारा, तिच्यात कोणत्या ठिकाणी परक्याचा हात शिरू शकेल हे शोधणारा आणि ते सप्रमाण लिहून प्रसिद्ध करणारा संशोधक हाच तो. त्याच्या लेखासही उताऱ्याची गरज असते. "हे कुलूप कच्चे आहे" एवढेच म्हणून भागत नाही. ते कसे उघडले हे दाखवावे लागते, कारण दाखविल्यावाचून केलेली टीका ही टीका नसून निंदा होय. परंतु कुलूप उघडून दाखविणे हाच जर गुन्हा ठरला, तर या टीकाकाराने लिहावे काय?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेत २८ ऑक्टोबर १९९८ रोजी ‘डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट’ हा कायदा अस्तित्वात आला. त्याचा हेतू समजण्याजोगा होता. गाणे, चित्रपट, पुस्तक यांची एक प्रत मिळाली की तिच्या लाखो प्रती क्षणार्धात आणि फुकट होऊ लागल्या होत्या. तेव्हा मालकांनी आपल्या कृतींस तांत्रिक कुलुपे घातली आणि त्या कुलुपांना कायद्याने पाठबळ द्यावे अशी मागणी केली. कायद्याच्या १२०१ व्या कलमाने ते दिले. या कलमाप्रमाणे कृतीभोवतीचे कुलूप टाळून आत जाणे हाच मुळात अपराध ठरला; आत जाऊन कोणी चोरी केली की नाही, हा प्रश्न निराळा. असे कुलूप उघडण्याची साधने पुरविणे हा त्याच्या जोडीचा दुसरा अपराध. द्रव्यलाभासाठी जाणूनबुजून केलेल्या पहिल्या अपराधास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख डॉलरपर्यंत दंड सांगितला आहे.

संशोधकांसाठी या कलमात अपवाद नाहीत असे नाही. परंतु परीक्षकाच्या नजरेने ते वाचले असता त्यांची शैली मोठी बोलकी वाटते. सांकेतिक लेखनाच्या संशोधकास सूट आहे; मात्र त्याने आधी मालकाची अनुज्ञा मिळविण्याचा प्रामाणिक प्रयत्न केलेला असावा. तो त्या विषयात रीतसर शिक्षण घेत आहे, नोकरीस आहे की अनुभवी आहे, हे न्यायालय पाहील. त्याने आपला शोध ज्ञानवृद्धी होईल अशा रीतीने प्रसिद्ध केला की चोरांस साहाय्य होईल अशा रीतीने, हेही पाहिले जाईल. संगणकाची सुरक्षितता तपासणाऱ्यासही सूट आहे. मात्र त्या संगणकाच्या मालकाची संमती हवी. हीच वाक्ये साहित्यास लावून पाहावीत, म्हणजे त्यांचा अर्थ उघड होईल. पदवीधराने केलेली टीका ती टीका, आणि हौशी वाचकाने केलेली ती आगळीक. कवीस आधी विचारले असेल तर परीक्षण, न विचारल्यास खटला! अपवादाचे दार आहे खरे. पण त्याची किल्ली ज्याच्यावर टीका व्हावयाची त्याच्याच कनवटीस आहे.

या कायद्याच्या छायेत जन्मलेल्या एका निबंधाचा येथे थोडा विस्ताराने परामर्श घेणे अवश्य आहे. ‘रीडिंग बिट्वीन द लाइन्स : लेसन्स फ्रॉम द एसडीएमआय चॅलेंज’ हे त्याचे नाव. प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन आणि त्यांचे प्रिन्स्टन, राइस विद्यापीठ व झेरॉक्स कंपनीची संशोधनशाळा येथील सहकारी यांनी तो लिहिला. त्याची जन्मकथा अशी. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या आणि यंत्रे बनविणाऱ्या कंपन्या यांच्या ‘सिक्युअर डिजिटल म्युझिक इनिशिएटिव्ह’ या मंडळाने सप्टेंबर २००० मध्ये जगास जाहीर आव्हान दिले : आमची ही सहा तंत्रे घ्या आणि तीन आठवड्यांत मोडून दाखवा. यशस्वी होणाऱ्यास दहा हजार डॉलरपर्यंत बक्षीस होते. परंतु ते घेणाऱ्याने आपला शोध गुप्त ठेवण्याच्या करारावर सही करावयाची होती. फेल्टन आणि मंडळींनी बक्षीस नाकारले व लिहिण्याचा हक्क राखून ठेवला.

सहांपैकी चार तंत्रे ध्वनीतील जलचिन्हांची होती. चलनी नोट उजेडासमोर धरली असता जशी आतली खूण दिसते, तशी गाण्यात कानास न जाणवणारी खूण पेरावयाची आणि यंत्राने ती ओळखावयाची, ही कल्पना. स्पर्धकांस एका गाण्याची खूण नसलेली प्रत, त्याच गाण्याची खूण असलेली प्रत आणि खूण असलेले दुसरेच एक गाणे, असा संच मिळे. त्या तिसऱ्यातील खूण गाणे न बिघडविता नाहीशी करावयाची. मूळ प्रत आणि संपादित प्रत समोरासमोर ठेवून पाठभेद शोधणे हा आपल्याकडील पोथ्यांच्या अभ्यासकांचा जुना परिपाठ. निबंधाची रीत नेमकी तीच आहे. एका तंत्राच्या दोन प्रती ताडून पाहताना लेखकांस फरकात एक विशिष्ट लहर आढळली, आणि ती अतिसूक्ष्म प्रतिध्वनीची निशाणी आहे हे त्यांनी ओळखले. मग त्यांनी पेटंट कचेरीचे जाहीर दप्तर चाळले. तेथे त्याच जातीच्या प्रतिध्वनीचे वर्णन करणारे पेटंट सापडले. ज्या गुपिताच्या रक्षणासाठी पुढे एवढा गहजब झाला, त्याचा मोठा भाग सरकारी दप्तरात कोणासही वाचावयास मोकळा होता! निबंधातील हा भाग आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटला, आणि त्याहून अधिक बोधप्रद.

निबंधाचे दोष सांगावयाचे तर, उरलेल्या दोन तंत्रांविषयीचे विवेचन तोकडे आहे. त्यांची कसोटी पाहण्यास पुरेसे साहित्यच आव्हानकर्त्यांनी दिले नव्हते, असे लेखक सांगतात. ते खरे असले तरी वाचकाची जिज्ञासा अर्धपोटीच राहते. भाषा रुक्ष आहे. परंतु ती रुक्षता म्हणजे प्रामाणिकपणाची एक बाजू होय. जे सिद्ध झाले तेवढेच सांगावयाचे, विजयाचे ढोल वाजवावयाचे नाहीत, हा संयम लेखकांनी शेवटपर्यंत पाळला आहे. आणि त्यांचा निष्कर्ष साधा आहे : ग्राहकाच्या घरी पोचलेली खूण जाणकार आणि चिकाटीच्या माणसापासून लपून राहावी, ही आशा व्यर्थ आहे.

हा निबंध एप्रिल २००१ मध्ये पिट्सबर्ग येथील परिषदेत वाचला जावयाचा होता. ९ एप्रिल रोजी फेल्टन यांस ‘रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका’ या संस्थेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचे पत्र आले. निबंध प्रसिद्ध केल्यास आव्हानाच्या अटींचा भंग होईल आणि १९९८ च्या कायद्याखाली कारवाई होऊ शकेल, अशी त्यात समज होती. २६ एप्रिल रोजी फेल्टन परिषदेत उभे राहिले ते निबंध वाचण्यास नव्हे, तो मागे घेत असल्याचे निवेदन वाचण्यास. जूनमध्ये त्यांनी, आपणांस हा निबंध वाचण्याचा हक्क आहे असे ठरवून मिळावे, म्हणून न्यू जर्सीच्या न्यायालयात दावा लावला. तेव्हा संस्थेने पवित्रा बदलला. खटला भरण्याचा आपला हेतूच नव्हता, असे ती म्हणू लागली. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत निबंध सुखरूप वाचला गेला. नोव्हेंबरात न्यायाधीशांनी दावा काढून टाकला. कारण आता वादच उरला नव्हता.

वरवर पाहता हा शेवट गोड आहे. परंतु थोडा विचार केला तर ध्यानात येईल की मूळ प्रश्नाचे उत्तर कोणीच दिले नाही. निबंध लिहिणे गुन्हा आहे की नाही, हे ठरले नाही. ठरले ते एवढेच की या खेपेस कोणी फिर्याद करणार नाही. पुढच्या लेखकास पुन्हा तीच धास्ती. धमकीचे पत्र लिहिण्यास एक तास पुरतो. त्यास उत्तर द्यावयास वकील, पैसा आणि एखादे पाठीराखे विद्यापीठ लागते. ज्यांस हे पाठबळ नाही त्यांनी काय करावे?

काहींनी काय केले ते प्रसिद्ध आहे. त्याच २००१ सालच्या ऑगस्टमध्ये नील्स फर्ग्युसन या डच तज्ज्ञाने जाहीर केले, की पडद्याकडे जाणाऱ्या चित्रांचे रक्षण करणाऱ्या इंटेल कंपनीच्या ‘एचडीसीपी’ या तंत्रात आपणांस मोठी उणीव सापडली आहे, परंतु अमेरिकन कायद्याच्या भीतीने आपण ती प्रसिद्ध करणार नाही. तो लेख छापला गेला नाही म्हणून तंत्र सुरक्षित राहिले काय? २०१० मध्ये त्या तंत्राची मूळ किल्लीच जगजाहीर झाली. पुढे २००३ मध्ये प्रिन्स्टनचा विद्यार्थी ॲलेक्स हाल्डरमन याने लिहिले, की सनकॉम या कंपनीची ध्वनिमुद्रिकेवरील संरक्षणव्यवस्था मुद्रिका घालताना ‘शिफ्ट’ ही कळ दाबून धरली असता निकामी होते. कंपनीने त्याच्यावर फिर्याद करण्याची घोषणा केली, आणि लोक हसू लागताच ती मागे घेतली.

परंतु पुढील प्रकरण हसण्यासारखे नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजी या कंपनीच्या ५० हून अधिक संगीतमुद्रिकांवर ‘एक्ससीपी’ नावाची आज्ञावली होती. मुद्रिका संगणकात घातली की ती आज्ञावली आत ठाण मांडून बसे आणि स्वतःस लपविण्यासाठी संगणकाच्या मूळ व्यवस्थेतच फेरफार करी. विवक्षित अक्षरांनी आरंभ होणाऱ्या नावाचे काहीही मालकास दिसेनासे होई. अशा गुप्त ठाण्यास तज्ज्ञ ‘रूटकिट’ म्हणतात. याचा अर्थ असा, की उपद्रवी आज्ञावली लिहिणाऱ्या कोणाही भामट्याने आपल्या कृतीस तसे नाव दिले की तीही त्याच पडद्याआड निर्धास्त दडून बसे. आणि तशा आज्ञावल्या लवकरच निघाल्याही. २० लाखांहून अधिक मुद्रिका विकल्या गेल्या होत्या. ज्यांनी पैसे मोजून, सचोटीने गाणी विकत घेतली, त्यांच्याच घरचे दार मागून उघडे राहिले.

ही गोष्ट ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने उघडकीस आणली. परंतु फेल्टन व हाल्डरमन यांनी पुढे अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयास कळविले, की या आज्ञावलीतील धोका आपणांस सुमारे महिनाभर आधी समजला होता. तो महिना वकिलांशी खल करण्यात गेला. आम्हांस या साऱ्या इतिहासात हा महिना सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात कोणास अटक झाली नाही, कोणाचे पुस्तक जप्त झाले नाही, न्यायालयाने मनाई केली नाही. दोन जाणते लोक काय बोलावे याचा सल्ला घेत होते, आणि तेवढ्या अवधीत लोक दुकानांतून मुद्रिका विकत घेऊन घरी नेत होते. टीकेचे नुकसान नेहमी असेच होते; न लिहिलेल्या लेखाची नोंद कोणत्याच दप्तरात राहत नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. कोणी म्हणेल, कुलूप कसे उघडते हे छापणे म्हणजे चोरांची शाळा काढणे नव्हे काय? हा आक्षेप पोकळ नाही. टीका आणि साधन यांत भेद आहे, हे आम्ही मान्य करतो. दिमित्री स्क्ल्यारोव्ह या रशियन तरुणास जुलै २००१ मध्ये लास वेगास येथे अटक झाली, ती ॲडोबी कंपनीच्या ई-पुस्तकांच्या कुलुपातील उणिवांवर व्याख्यान दिल्यानंतर. परंतु आरोप व्याख्यानाचा नव्हता, ते कुलूप उघडणारी आज्ञावली विकल्याचा होता. डिसेंबर २००२ मध्ये ज्यूरीने त्याच्या कंपनीस निर्दोष ठरविले ही गोष्ट वेगळी. उणीव प्रसिद्ध करण्यापूर्वी निर्मात्यास कळवावे, दुरुस्तीस वाजवी अवधी द्यावा, हेही आम्हांस मान्य आहे. तो सज्जनपणाचा भाग आहे. परंतु कळविणे वेगळे आणि अनुज्ञा मागणे वेगळे. कळविल्याने निर्मात्यास दुरुस्तीची संधी मिळते. अनुज्ञेने त्यास गप्प बसविण्याचा अधिकार मिळतो.

आणि चोरांच्या शाळेचा प्रश्न काही आजचा नाही. लंडनच्या पिकॅडिलीतील ब्रामा यांच्या दुकानात एक कुलूप वर्षानुवर्षे मांडलेले होते. जो ते उघडील त्यास २०० गिनी बक्षीस. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्स हा अमेरिकन कारागीर आला. त्याने आधी चब यांचे नामांकित कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले आणि मग १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खपून ब्रामांचेही उघडले. इंग्लंडात हलकल्लोळ माजला, कारखानदार कुरकुरले. परंतु बक्षीस दिले गेले आणि पुढे कुलुपे सुधारली. चोर आपला धंदा जाणतात, अज्ञानात राहतात ते घरमालकच, हे हॉब्सचे म्हणणे होते. पुढे १८८३ मध्ये केर्कहोफ्स या पंडिताने लष्करी सांकेतिक लेखनासंबंधी हेच तत्त्व घालून दिले : पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त असावी ती केवळ किल्ली. म्हणजे १८५१ च्या लंडनास जे कळले होते, ते १९९८ चा कायदा लिहिताना विसरले गेले.

अमेरिकेस ही चूक काही अंशी उमगली आहे. तेथे दर तीन वर्षांनी ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ग्रंथपालांस १२०१ व्या कलमातून तात्पुरत्या सवलती देण्याचा अधिकार आहे. सोनी प्रकरणानंतर २००६ मध्ये संगीतमुद्रिकांपुरती सवलत मिळाली. २०१५ मध्ये प्रामाणिक सुरक्षा-संशोधनास अधिक व्यापक सवलत मिळाली आणि २०१८ मध्ये तिच्या काही अटी सैल झाल्या. याचे श्रेय चिकाटीने दाद मागणाऱ्या संशोधकांस आहे. खुद्द फेल्टन २०१५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कचेरीत तंत्रविषयक उच्च अधिकारपदावर नेमले गेले. ज्याच्या निबंधावर कायद्याचा बडगा उगारला गेला, त्याचाच सल्ला राष्ट्रास हवासा वाटला. तथापि सवलत ही सवलत आहे, हक्क नव्हे. ती तीन वर्षांची आहे आणि शोधासाठी लागणारे साधन दुसऱ्यास देण्यास ती लागू नाही. जगातील कोट्यवधी यंत्रांची तपासणी एका ग्रंथपालाच्या त्रैवार्षिक अनुमतीवर अवलंबून असावी, ही व्यवस्था ग्रंथालयांविषयी आम्हांस असलेला सारा आदर जमेस धरूनही विचित्रच म्हटली पाहिजे.

आपल्या देशाने २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात ६५अ हे कलम घातले, आणि ते अमेरिकन कलमाहून सौम्य आहे हे नमूद करणे न्यायाचे होईल. येथे कुलूप तोडणे हा अपराध होतो तो हक्कभंगाचा हेतू असेल तरच. सांकेतिक लेखनाच्या संशोधनास आणि सुरक्षिततेच्या तपासणीस त्यात जागा ठेवलेली आहे. शिवाय ५२ व्या कलमात, आज्ञावलीमागील कल्पना व तत्त्वे जाणून घेण्यासाठी तिच्या कार्याचे निरीक्षण व अभ्यास करण्याची मुभा आहे. ही बुद्धिमान तरतूद होय. परंतु तपासणीस येथेही संगणकाच्या मालकाची संमती लागते. माझ्या घरच्या संगणकाचा मालक मी. मी संमती देईन. ज्या दूरच्या संगणकात माझे पैसे, माझी औषधांची यादी, माझ्या मुलांची नावे साठविलेली आहेत, त्याचा मालक मात्र दुसराच कोणी असतो. आणि त्याने ‘नाही’ म्हटले तर नुकसान त्याच्याआधी माझे होते.

कवितेचे परीक्षण चुकले तर फार तर एक कवी रुसतो. कुलुपाचे परीक्षण थांबले तर किती घरे उघडी पडली, हे त्या घरांतील माणसांस कळतही नाही. असे असता कवितेच्या टीकाकारास जो हक्क कायद्याने आनंदाने दिला, तो कुलुपाच्या टीकाकारास देताना त्याने हात आखडावा, हे आम्हांस उलटे वाटते. ग्रंथकाराच्या मालकीस धक्का न लावता टीकेस मोकळीक कशी द्यावी, हे याच कायद्याने पूर्वी एकदा ठरवून दाखविले आहे. त्याने नवे काही शिकावयाचे नाही. स्वतःचेच ५२ वे कलम मन लावून पुन्हा एकदा वाचावयाचे आहे.